वरंब्यावरचा रंग

छुसोकच्या, म्हणजे आमच्या कोरियातल्या पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी आमच्या इमारतीत चौदाव्या मजल्यापर्यंत तळणीचा वास असतो. लिफ्टमध्ये, जिन्यात, वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पितरांना पान वाढायचं, म्हणून घराघरांतल्या सुना जमिनीवर फतकल मारून मासळीचे काप अंड्यात घोळवून तव्यावर टाकत असतात आणि घराघरांतले पुत्र सोफ्यावर लोळून टीव्हीवर कुस्त्या बघत असतात. पितर कुणाचे? त्यांचे. राबायचं कुणी? दुसऱ्यांच्या घरातून आणलेल्या पोरींनी. आनदोंगच्या शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं, पण हे गणित काही मला सुटलं नाही.

माझ्या समोरच्या दारात कुमसिल राहते, त्या घराची थोरली सून. सासूबाई तिच्याकडेच असतात. धाकटी सून मीरान दाएगूच्या एका मोठ्या इस्पितळात कातडीवरचे डाग तपासायच्या यंत्रावर नोकरी करते आणि सणावाराला येते. पुढची हकीकत मला कशी कळली म्हणाल, तर दोघींनीही ती आपापल्या तोंडाने मला सांगितली आणि लिहा म्हणाल्या. म्हणून लिहिते आहे.

कुमसिलच्या उजव्या तळपायावर तीळ होता. आमच्याकडे तळपायाचा तीळ म्हणजे दैवाचा. असा पाय ज्या घराचा उंबरा ओलांडतो तिथे भाग्य पायाखाली दबून राहतं, कुठे जात नाही, असं म्हणतात. कुमसिलचा बाप सायकली दुरुस्त करायचा. असल्या घरची मुलगी सासूबाईंनी एरवी पायरीवरही उभी केली नसती. पण ज्योतिष्याने तिळाचं सांगितलं आणि मुलगी बघायला गेलेल्या सासूबाईंनी चहाच्या आधी तिला मोजा काढायला लावला. पोरीचं तोंड नंतर बघितलं, पाय आधी! वर्षाच्या आत तेग्योम झाला, त्याच्या बापाला बढती मिळाली, ही जागा झाली. सगळं तिळाने केलं. कुमसिलने काय केलं? तर तीळ सांभाळला.

मीरानला तेग्योमच्या पाठोपाठ दीड महिन्याने मुलगी झाली, दानबी. सासूबाई इस्पितळात आल्या, बाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे. पायात काही नाही तर पोटात कुठून येणार?"

हे वाक्य मीरानने अठरा वर्षं जपून ठेवलं होतं. लोक लग्नातले कपडे जपतात तसं.

तर त्या छुसोकला मीरान पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

"आलीस? मला वाटलं, तळण संपल्यावर वास घ्यायला येतेस की काय," तव्यावरून मान वर न करता कुमसिल म्हणाली.

"रस्ता तुंबला होता, वहिनी. सातला निघालेय घरून."

"हो गं बाई, तुम्ही नोकरीवाल्या. आमच्या रस्त्यावर कधी गर्दी नसते. ओट्यापासून संडासापर्यंत आणि परत."

"मग धरा की माझी नोकरी. मी बसते तव्यापाशी."

"मला कोण देतंय? मला काय लोकांचे पाय बघून पगार मिळतो?"

म्हणजे जळत दोघीही होत्या. थोरलीला धाकटीचा पगार आणि बाहेरचं जग खुपायचं, धाकटीला थोरलीचा तीळ आणि मान. दुसऱ्याच्या पानातला घास मोठा दिसतो म्हणतात ते काही खोटं नाही. त्यात सासूबाई दोन्ही चुलींत बारीक बारीक लाकडं सारायच्या.

त्या वर्षी विस्तव जास्तच होता, कारण दोन्ही मुलं विद्यापीठाच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती. परीक्षा नोव्हेंबरच्या मध्यावर. सासूबाईंनी तेग्योमसाठी चिकट तांदळाच्या मिठाईचा भलामोठा डबा आणला होता. चिकट खाल्लं की पोरगं विद्यापीठाला चिकटतं, असा आमचा समज. मीरानने डबा उघडून बघितला. वर नाव एकच होतं.

"आई, दानबीचीही परीक्षा आहे."

"हो का? मुलीचं काय, कुठेतरी लागेल," सासूबाई म्हणाल्या. "तेग्योमवर घर आहे."

मीरानच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सणाच्या दिवशी तोंड उघडायचं नाही हे तिला माहेरी शिकवलेलं. तिने मुकाट्याने अॅप्रन बांधला आणि कोपऱ्यातला तेलाचा डबा ओढला. रागाच्या हाताने ओढलेला डबा कलंडला. फरशीवर तेलाचं थारोळं झालं आणि उकडलेल्या ऑक्टोपसचं ताट घेऊन येणाऱ्या कुमसिलचा पाय नेमका त्यात पडला. ताट वाचलं, बाई बसली.

"डोळे फुटले का गं?" कुमसिल ओरडली.

मोजा तेलाने चिंब झाला होता. तो काढला. सासूसमोर सुनांनी अनवाणी वावरायचं नाही ही त्या घरची रीत, त्यामुळे इतक्या वर्षांत मीरानने तो पाय उघडा बघितला नव्हता. सासूबाईंना मात्र भरतं आलं.

"बघ, बघ! दाएगूला त्या यंत्राने लोकांचे डाग बघत असतेस ना? हा बघ दैवाचा तीळ. आहे का तुझं ते भिंग जवळ? लाव. खरं सोनं कसं असतं ते कळू दे."

भिंग पर्समध्ये होतं. कातडीवर टेकवायचं, आतून दिवा लागतो. कातडी तेलाने ओली असली की वरची चमक मरते आणि आतलं दिसू लागतं. इथे तेल आपोआपच लागलेलं. मीरानने गुडघ्यावर बसून जावेचा पाय मांडीवर घेतला आणि डोळा लावला.

तळपायाची कातडी म्हणजे नांगरलेलं रान. सरी आणि वरंबा, सरी आणि वरंबा, अशा बारीक रेघा. साध्या तिळाचा रंग सरीतून धावतो, पाटाच्या पाण्यासारखा. तसा असला तर घाबरायचं कारण नाही. पण रंग सरी सोडून वरंब्यावर चढला असेल तर तो तीळ नव्हे, कर्करोगाची सुरुवात असू शकते. पाश्चात्त्य गोऱ्या लोकांना हा रोग अंगावर कुठेही होतो, आमच्या लोकांना तो बहुतेक तळपायात गाठतो. मीरानने असे शेकड्याने पाय बघितले होते.

रंग वरंब्यावर होता. एका कडेला तर काळा, फाटल्यासारखा पसरलेला.

"काय दिसतंय? सोनं ना?" सासूबाई वरून विचारत होत्या. "ह्या तिळाने नातू दिला घराला. तुझ्या पायात आहे काय?"

मीरानने भिंग उचललं, पुसलं, डबीत ठेवलं.

"छान आहे, आई," ती म्हणाली.

वाचकहो, दोन शब्द. ह्या दोन शब्दांत मनात काय होतं, ते मीरानने मला सांगितलं तेव्हा तिची मान खाली होती. "मावशी, मला वाटलं, असू दे. तुमचं भाग्य ना? ठेवा जपून. एकदा कळू दे त्याचं खरं तोंड."

ती दाएगूला परतली आणि मूग गिळून गप्प बसली. एकोणीस दिवस.

माणूस स्वतःला काय काय समजावतं! मी कुठे डॉक्टर आहे? भिंग छोटं होतं, नीट दिसलं नसेल. सांगितलं तरी माझंच तोंड काळं होईल, जळते म्हणतील. आणि सकाळी उठून हीच बाई इस्पितळातल्या खोलीत परक्यांचे पाय मांडीवर घ्यायची. कातडीवर जेली लावायची, काच टेकवायची आणि उजेड आत सोडायची. ते यंत्र सुरी न लावता, टाका न घालता जिवंत कातडीचे थर एकाखाली एक पडद्यावर दाखवतं. पेशी न् पेशी दिसते. बघता बघता मीरानला प्रत्येक पाय थोरल्या जावेचा वाटायला लागला.

एकोणिसाव्या दिवशी मासळीबाजारातली एक बाई आली. टाचेवर काळा डाग, त्यात फुटलेली जखम. घट्टा आहे समजून वर्षभर पट्ट्या चिकटवत होती. डॉक्टर सोल ह्या तिथल्या मुख्य. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि शस्त्रक्रियेच्या विभागाला फोन लावला. त्या बाईची जाऊ शेजारी बसली होती, तिचे बूट मांडीवर घेऊन.

बाई गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "यंत्राला दिसतं गं मीरान. पण पाय यंत्रापर्यंत यायला नको का?"

मीरानने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आनदोंगची बस पकडली.

कुमसिल आणि सासूबाई टेबलाशी बसून मोड आलेले सोयाबीन निवडत होत्या. मीरानने बूट काढता काढताच सांगितलं. तीळ वाईट आहे. उद्याच्या उद्या इस्पितळात यायला हवं. बहुतेक तो कापून काढावा लागेल.

सासूबाईंच्या हातातलं सोयाबीन तसंच राहिलं. "काढायचा? आत्ता?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या भाषेत गळून पडणं आणि नापास होणं, दोन्हीला शब्द एकच. त्या घरात ऑगस्टपासून समुद्री शेवाळाचं सार शिजलं नव्हतं, का तर ते निसरडं. चमचा पडला तर 'पडला' म्हणायचं नाही, 'खाली चिकटला' म्हणायचं. हसू नका. शिकलेली, पदव्या घेतलेली माणसं आमच्याकडे हे करतात.

"परीक्षेला चार आठवडे राहिले," सासूबाई कडाडल्या, "आणि तू माझ्या घरातलं दैव गाळायला निघालीस? स्वतःच्या पोरीसाठी माझ्या नातवाचा पाय ओढतेस?"

"आई, पाय वहिनींचा आहे. जीव त्यांचा आहे."

"राहू द्या हो आई," कुमसिल म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "पहिल्या दिवसापासून हिच्या डोळ्यात खुपतोय तो तीळ. तेव्हा भिंग लावून बघितलास ना तूच? छान आहे म्हणालीस. मग आता काय तीन आठवड्यांत नासला?"

मीरान उभीच होती. तिला दोन वाटा होत्या. तेव्हा नीट दिसलं नाही म्हणायचं आणि मान राखायचा. किंवा खरं सांगायचं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "मला तेव्हाच दिसलं होतं, वहिनी. पहिल्या नजरेत. तुमच्यावर जळत होते म्हणून गप्प बसले. अठरा वर्षं जळतेय. तुमचा तीळ, तुमचा मुलगा, तुमचा मान. वाटलं, भोगू दे. एकोणीस दिवस रोज सकाळी वाटायचं सांगावं आणि रोज संध्याकाळी वाटायचं, कशाला?"

कुमसिलने हातातला ओला फडका तिच्या तोंडावर फेकून मारला. तो गालाला लागून खाली पडला. कुणी उचलला नाही.

"निर्लज्ज," सासूबाई म्हणाल्या. "ऐकलंस ना कुमसिल? आपल्या तोंडाने कबूल झाली. आता हिच्या शब्दावर पाय कापून घेशील?"

कुमसिल उठली. मला ती नंतर म्हणाली, "मास्तरीणबाई, ती गोड बोलली असती, काळजीचं बोलली असती, तर मी दार लावून घेतलं असतं. पण जी बाई माझं वाईट चिंतलं म्हणून माझ्या तोंडावर सांगते, ती उरलेलं खोटं कशाला सांगेल?"

तिने खुंटीवरचा कोट घेतला. "चल," ती मीरानला म्हणाली. "पण बसमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरानने तिच्या पायाला जेली लावली. काच टेकली, उजेड आत गेला आणि पडद्यावर कुमसिलचं भाग्य दिसू लागलं. जिथे पेशी शिस्तीत मांडलेल्या असायच्या तिथे वेड्यावाकड्या, मोठ्या, चमकणाऱ्या पेशी वरच्या थरांत घुसलेल्या.

"हे मी आहे?" कुमसिलने विचारलं.

"तुमच्यातच आहे, पण तुमच्या कह्यात नाही," डॉक्टर सोल म्हणाल्या. "तळपायाची कातडी जाड, उजेड ठरावीक खोलीपर्यंतच जातो. मुळं किती खोल गेलीत ते तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. अलीकडे हा वाढला होता का?"

"नाही," कुमसिल म्हणाली. "जन्मापासून आहे तसाच आहे."

तुकड्याचा निकाल आला, कर्करोगच होता. शस्त्रक्रिया सहा नोव्हेंबरला ठरली, परीक्षा सोळाला. ही बातमी ऐकून सासूबाई आणि कुमसिलचा नवरा ग्यूचोल दोघे दाएगूला आले. सही करायच्या खोलीत मीरानही होती.

"दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे," ग्यूचोल म्हणाला. माणूस वाईट नाही हो, पण आईसमोर त्याचा कणा कुठे जातो कोण जाणे. "परीक्षा झाली की लगेच करू. डॉक्टर, दहा दिवसांनी काय बिघडतं?"

"थांबा असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"त्या पायावर आमच्या घराचं दैव आहे," सासूबाई डॉक्टरांना समजावू लागल्या. "तुम्ही शिकलेल्या आहात, पण..."

"आई," कुमसिल म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने सासूचं वाक्य मध्ये तोडलं. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. मोजा काढायला सांगितलंत, काढला. तेव्हापासून हा पाय तुमचा. वर्षाला सात श्राद्धं, दोन मोठे सण, सगळी ह्याच पायावर उभं राहून केली. तेग्योमला ताप आला तेव्हा चार किलोमीटर ह्याच पायाने चालत नेलं. तिळाने नाही नेलं. मी नेलं. पेन द्या इकडे."

"अगं, पोरगं नापास झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत बसेल. जगायला मला परत बसता येणार आहे का?"

तिने सही केली. ग्यूचोल खिडकीतून बाहेर बघत राहिला. सासूबाई निघून गेल्या, जाताना मीरानला म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

टाचेपुढचा चांगला तळहाताएवढा भाग गेला. मांडीची कातडी काढून तिथे लावली. रोग पायाबाहेर गेलाय का ते बघायला जांघेतली एक गाठ काढली, त्यात तो सापडला. एकच दाणा, पण सापडला. औषधं सुरू झाली, ती अजून चालू आहेत.

आणि परीक्षेचं म्हणाल तर दानबीला हवं ते विद्यापीठ मिळालं, तेग्योमला नाही मिळालं. सासूबाईंनी चौदा मजल्यांना सांगितलं, गळून पडला, गळून पडला. पोरगं मात्र शहाणं निघालं. म्हणालं, "आजी, मी गणितात कच्चा आहे. तीळ काय माझा पेपर लिहिणार होता?" मी त्याला शिकवलेलं आहे, खरंच कच्चा आहे.

मीरानला जे अठरा वर्षं हवं होतं ते मिळालं. तिची मुलगी वर, जावेचा मुलगा खाली. ती मला म्हणाली, "मावशी, निकाल बघून आधी मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? मग स्वयंपाकघरात जाऊन ओकले."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांची बसायची खोली आहे. गेल्या फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मीरान तिथे भिंग घेऊन येते. कुमसिल काठी टेकत खाली उतरते आणि दारात खुर्ची टाकून बसते. कुणी लाजलं, नाक मुरडलं की म्हणते, "काढा मोजा. माझा बघायचाय आधी?" आणि दाखवते. पहिल्या रविवारी तेवीस जणींनी पाय पुढे केले. पाच जणींना तीळ होते, पाचही जणी मिरवत होत्या. चौघींचा रंग सरीत निघाला. एकीला दाएगूला पाठवलं. सासूबाई वर घरातच असतात, अजून खाली आलेल्या नाहीत.

त्या रविवारी खोली बंद करून दोघी माझ्याकडे आल्या. मी पर्सिमॉन चिरत होते. दोघींत अजून मोकळेपणा नाही, उगाच गळ्यात गळे घातल्याचं मी लिहिणार नाही. कुमसिलने फळाची फोड घेतली, खाल्ली नाही, आणि सरळ विचारलं.

"मीरान, गाठीत गेलं ते त्या एकोणीस दिवसांत गेलं का?"

मी सुरी खाली ठेवली. नाही म्हण, असं माझ्या मनात आलं. नाही म्हणणं किती सोपं होतं.

"माहीत नाही, वहिनी," मीरान म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलंय, दोनदा. त्यांनाही सांगता येत नाही. आधीच गेलेलं असेल. किंवा त्याच दिवसांत गेलं असेल. ते माझ्यावर आहे. मी नाही म्हणणार नाही."

कुमसिलने फोड परत ताटलीत ठेवली.

"मीही डॉक्टरांशी खोटं बोलले," ती म्हणाली. "वाढत होता तो. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून. रोज आंघोळीला पाय वर घेऊन मी बघायची, कडा किती पुढे गेली. कुणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. दृष्ट लागेल तुझी, म्हणून. पोराचं परीक्षेचं वर्ष होतं ना गं. मला वाटलं, भाग्य वाढतंय."